सही करण्याआधी: अभियंत्यांची आचारसंहिता आणि मराठवाड्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नुकतीच डिप्लोमा-डिग्री झालेली मुलं, जिल्हा परिषदेत नव्याने रुजू झालेले कनिष्ठ अभियंते, तालुक्याच्या गावी प्लॅन पास करून देणारे परवानाधारक आणि अधूनमधून घर बांधायला निघालेले मालक, असे सगळे जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं देणारा स्थापत्यवाला आहे, त्यामुळे सिमेंट-सळईचा भरणा जास्त झालाय. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी सांभाळून घ्यावं. त्यांचेही एक-दोन प्रश्न घेतले आहेत.

आचारसंहिता म्हणजे नेमकं काय? ती कुठे लिहिलेली असते?

इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, इंडिया ही संस्था १९२० सालची, मुख्यालय कोलकात्यात. तिच्या सभासदांसाठी लिखित आचारसंहिता आहे. तिचा गाभा असा: आपलं ज्ञान लोकांच्या भल्यासाठी वापरा, ज्यातलं कळतं तेवढंच काम हाती घ्या, आपली पात्रता फुगवून सांगू नका, कामाचे तांत्रिक, आर्थिक आणि पर्यावरणीय परिणाम मालकाला वेळेत सांगा, मत देताना किंवा साक्ष देताना पुरेशी माहिती असल्याशिवाय बोलू नका. अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने अशी संहिता १९१४ मध्येच स्वीकारली होती. आज जगभरच्या बहुतेक संहितांमध्ये पहिलं कलम एकच सापडतं: जनतेची सुरक्षितता, आरोग्य आणि हित सर्वांत वर.

खरी मेख या क्रमात आहे. पगार किंवा फी देणारा आपला पहिला धनी, असं आपण गृहीत धरतो. संहितेत तो दुसरा येतो. पहिला नंबर त्या माणसाचा, जो उद्या त्या पुलावरून जाणार आहे, त्या स्लॅबखाली झोपणार आहे, आणि ज्याला आपलं नावही माहीत नाही.

वकिलाची सनद जाते, तसं आमचं काही जाऊ शकतं का?

वकिलांसाठी १९६१ चा, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा, सीएंसाठी १९४९ चा कायदा आहे, आणि त्या त्या परिषदेला नाव कमी करण्याचा अधिकार आहे. अभियंत्यांसाठी अशी देशव्यापी, कायद्याने बांधलेली नोंदणी आपल्याकडे नाही. यावरून ‘मग आपल्याला कोण विचारतंय’ असा अर्थ काढणारे बरेच भेटतात.

विचारणारे आहेत. महापालिका आणि नगरपालिका परवानाधारक अभियंत्याचा परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात. सरकारी नोकरीत १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम लागू होतात. सेवेत कसूर केली म्हणून ग्राहक आयोगात खेचता येतं. आणि निष्काळजीपणामुळे माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सनद नाही म्हणून मोकळीक मिळत नाही. पाठीशी उभी राहणारी परिषदही नाही, एवढाच काय तो फरक.

मार्च एंडला न पाहिलेल्या कामाची एम.बी. लिहायला सांगतात. काय करावं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तिका, ही नुसती हिशेबाची वही नव्हे. तिच्या पानांना क्रमांक असतात, पान फाडता येत नाही, खोडरबर चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी तारखेसह सही करायची असते. एवढे सोपस्कार का ठेवलेत? कारण ‘मी अमुक तारखेला तिथे गेलो, टेप लावला आणि एवढं काम दिसलं’ हे तुमचं विधान आहे. गुत्तेदाराचं बिल त्या विधानावर निघतं. चौकशी लागली की पहिली जप्त होते तीही हीच पुस्तिका.

आता वस्तुस्थिती. एका शाखा अभियंत्याकडे गावं भरमसाट, गाडीची सोय नाही, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निधी परत जाण्याची टांगती तलवार. सरपंच फोन करतो, सभापतींचा फोन येतो, गुत्तेदार दारात बसलेला असतो. ‘साहेब, रस्ता झालाय की. उगं कामून ताणायलाव?’ रस्ता झालेला असतोही. गावातला सिमेंट रस्ता लांबी-रुंदीने बरोबरच भरतो, कारण ती कोणालाही मोजता येते. गोम असते जाडीत आणि खालच्या थरात. कडेला मुरमाची साइडपट्टी भरली की काँक्रीटची कड दिसेनाशी होते, आणि मग १५ सेंटिमीटर आहे की १०, हे कोअर, म्हणजे काँक्रीटचा आरपार नमुना, काढल्याशिवाय सांगता येत नाही.

म्हणून झाकल्या जाणाऱ्या कामांची मोजमापं झाकण्याआधी घ्यायची: खोदाई, मुरूम भराई, पीसीसी (पायाखालचं बिनसळईचं काँक्रीट), फुटिंगची म्हणजे कॉलमच्या पायाची सळई. साइटवर जाणं कमी वेळा जमणार असेल तर ते या टप्प्यांना जमवा. तयार रस्ता नंतर कधीही मोजता येतो, बुजलेला पाया येत नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी गुत्तेदाराला लेखी कळवून ठेवा की कोणता थर मला दाखवल्याशिवाय झाकायचा नाही. असं पत्र आधी दिलेलं असलं की मार्चमध्ये भांडण कमी होतं, कारण अडवणूक तुमच्याकडून झालेली नसते.

मागची तारीख टाकायची नाही. ज्या दिवशी मोजलं तीच तारीख. आणि जो थर पाहता आला नाही, त्याची नोंद ‘पाहता आला नाही’ अशीच करायची. हे एक वाक्य लिहिताना हात जड होतो खरा, पण चौकशी अधिकाऱ्यापुढे उभं राहिल्यावर तेच उपयोगी पडतं.

वरिष्ठ तोंडी सांगतात, लेखी देत नाहीत. आज्ञा पाळली तर दोष कोणाचा?

तुमचाही. तोंडी आदेश आला की त्याच दिवशी, सभ्य भाषेत, एक टिपण किंवा ईमेल पाठवा: ‘आज आपण दूरध्वनीवरून अमुक करण्याबाबत सूचना दिली. त्याबाबत माझं तांत्रिक मत असं आहे. कृपया लेखी मार्गदर्शन व्हावं.’ आरोप नको, उपदेश तर नकोच. बहुतेक तोंडी आदेश या टिपणानंतर परत बोलले जात नाहीत.

फोक्सवॅगनचं प्रकरण आठवा. गाडी तपासणीच्या यंत्रावर आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर डिझेल गाड्यांत बसवलं होतं. २०१५ मध्ये ते उघडकीला आलं, जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये. त्यातल्या जेम्स लियांग या अभियंत्याला २०१७ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची कैद झाली. कंपनीच्या सांगण्यावरून केलं, ही गोष्ट त्याला तुरुंगापासून वाचवू शकली नाही. पुण्यात-हैदराबादेत कोडिंग करणारी आपल्याकडची मुलं विचारतात, ‘आमच्या कामाने कुठे स्लॅब पडतो?’ त्यांच्यासाठीही हेच उत्तर.

परवान्यावर नुसती सही द्यायची, डिझाइन दुसऱ्याचं. फी मिळते. यात गैर काय?

तालुक्याच्या ठिकाणी हा धंदाच झालाय. प्लॅन ड्राफ्ट्समन काढतो, सळई मिस्त्री ठरवतो, आणि परवानाधारकाचा शिक्का ठरलेल्या दराने मिळतो. शिक्का देणाऱ्याने प्लॉट कधी पाहिलेलाच नसतो.

१७ जुलै १९८१ ला अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलमध्ये छताला टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं मेली. कारण पाहण्यासारखं आहे. मूळ कल्पनेत एकच लांब दांडा वरच्या छतापासून दोन्ही पुलांतून खाली जाणार होता. कारखान्याच्या सोयीसाठी त्याचे दोन तुकडे केले: वरचा पूल छताला टांगलेला, आणि खालचा पूल वरच्या पुलाला. बदल दिसायला किरकोळ. पण त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार आला, कारण आता त्याला खालच्याचंही ओझं पेलायचं होतं. त्या बदललेल्या ड्रॉइंगवर अभियंत्यांचा शिक्का होता, आणि त्या जोडाचं गणित मात्र कोणी केलेलं नव्हतं. दोन अभियंत्यांचे परवाने गेले.

आपल्याकडे शिक्क्याचं वजन रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्यामुळे आणखी वाढलं आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प असेल, तर ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि ती काढायला वास्तुविशारद, अभियंता आणि सीए या तिघांचे दाखले लागतात. काम न पाहता ‘एवढं झालं’ असा दाखला दिलात, तर नांदेडच्या किंवा परभणीच्या एखाद्या शिक्षकाची आयुष्यभराची बचत तुम्ही बिल्डरच्या हाती मोकळी केलीत. शिवाय ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरवर आहे. बिल्डर अडचणीत आला की त्याचा वकील आधी कोणाचं नाव घेईल?

छोट्या घरांना हे नियम लागत नाहीत. म्हणून तिथे शिक्का आणखी स्वस्त मिळतो.

आमच्या भागात कुठे भूकंप होतात? रिंगांच्या हुकावरून फिटरशी भांडण कशाला?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या आत. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. ६.२ तीव्रतेचा धक्का आणि लातूर-धाराशिव पट्ट्यात सुमारे दहा हजार मृत्यू. किल्लारी हे नाव तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे. पण एक गोष्ट अभियंत्यांनीसुद्धा विसरायला घेतली आहे: त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारणेत तो वरच्या पट्ट्यात गेला. म्हणजे नकाशा दुर्घटनेच्या मागून आला.

घरं का पडली तेही पाहण्यासारखं आहे. दोन-अडीच फुटांच्या दगडी भिंती, पण आतून त्या दोन सुट्या थरांच्या, मधे चिखल आणि बारीक दगडांची भर. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड क्वचित. वर माळवदाची माती, पिढ्यानपिढ्या गळती थांबवायला थरावर थर टाकलेली. हादरा बसला की भिंतीचे दोन पापुद्रे सुटले आणि मातीचं ओझं खाली आलं. भूकंपापेक्षा घरांनीच जास्त माणसं मारली, असं म्हणायला जागा आहे.

आता तुमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया. कॉलमच्या रिंगेचं टोक ९० अंशात वाकवलं, तर जोराच्या हादऱ्यात बाहेरचं कव्हर उडतं, टोक उघडतं, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोक १३५ अंशात आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवलं तर ते धरून राहतं. भूकंपासाठीचं भारतीय मानक आयएस १३९२० सांगतं, वाकवल्यावर पुढे सरळ भाग सळईच्या व्यासाच्या सहापट आणि किमान ६५ मिलिमीटर हवा. ८ मिलिमीटरच्या रिंगेला सहापट म्हणजे ४८, म्हणून तिथे ६५ च धरायचं. फिटरला यात हात वळवायला त्रास होतो, रिंग घालताना अडते, म्हणून तो कुरकुरतो. त्याचं म्हणणं खोटं नाही, पण पट्टी घेऊन एकदा मोजून दाखवलं की त्याच्याही लक्षात राहतं.

कमी धोक्याच्या पट्ट्यात आयएस ४५६ हे काँक्रीटचं मानक ९० अंशांच्या हुकालाही मुभा देतं. मग मानकाच्या किमान मर्यादेवर थांबायचं का? मला वाटतं, जिथे नकाशा एकदा चुकलेला आपण पाहिलाय, तिथे थांबू नये. खर्चातला फरक नगण्य आहे. पण हे मालकाला ‘कायद्याने सक्तीचं आहे’ असं खोटं सांगून करून घेऊ नका. ‘सक्ती नाही, तरी मी करतोय, कारण असं’ हेच सांगा.

काळ्या मातीत पाया घ्यायचाय. मालक म्हणतो, माती परीक्षणाचे पैसे वाचवा.

मालकाला भिंतींच्या भेगा दाखवायला न्या, शेजारच्याच गल्लीत सापडतील. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि दरवर्षी पाया वर-खाली करते. ती ओलांडून मुरमापर्यंत जायचं की अंडररीम पाइल (तळाशी फुगीर असलेले जमिनीतले खांब) घ्यायचे, हे खड्डा घेतल्याशिवाय ठरत नाही. ‘इथे सगळीकडे पाच फुटांवर मुरूम आहे’ हे गावाचं मत झालं, परीक्षण नव्हे. मालकाने तरी नाही म्हटलं, तर तसं लेखी घ्या. आणि पाया अंदाजाने उथळ ठेवा असाच आग्रह असेल तर काम सोडा. लेखी नकार घेतल्याने घर उभं राहत नसतं.

मे महिन्यात टँकरने पाणी येतं. गावाला प्यायला नाही आणि आम्ही स्लॅबवर ओततो. हे नैतिक आहे का?

हा प्रश्न लातूर-बीडकडूनच येतो, पुस्तकांत तो कुठे नसतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षीसुद्धा बांधकामं सुरू होती.

आयएस ४५६ प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, आणि कोरड्या-गरम हवेत किंवा मिश्र सिमेंट असेल तर किमान १० दिवस ओल धरावी लागते. आपल्याकडचा उन्हाळा आणि बाजारात मिळणारं पीपीसी हे मिश्र सिमेंट, दोन्ही कारणांनी १० च धरा. इथे ‘पाणी नाही, तीन दिवस पुरे’ असं म्हणता येत नाही. सिमेंटला दुष्काळ कळत नाही.

मग पर्याय? स्लॅब पुढे ढकलता येतो का हे आधी पाहा. फुटिंग, कॉलम ही कमी पाण्याची कामं उन्हाळ्यात आणि स्लॅब जूननंतर, असं वेळापत्रक पहिल्याच दिवशी मालकासमोर ठेवणं हे अभियंत्याचं काम आहे. ढकलता येत नसेल तर आळी करून पाणी तुंबवण्यापेक्षा ओलं गोणपाट आणि वर प्लास्टिक कागद अंथरा, म्हणजे बाष्पीभवन अडतं. कॉलमला गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिक. क्युरिंग कंपाउंड, म्हणजे ओल धरून ठेवणारा लेप, मिळतं, मात्र ते पृष्ठभाग ओला असताना, वेळेत लावायला हवं. बोअरचं पाणी वापरायचं तर काँक्रीटसाठी त्याची तपासणी करून घ्या; मिश्रणाच्या पाण्याचा पीएच ६ पेक्षा कमी नको, आणि क्षार किती आहेत तेही बघा.

आणि गावच्या पिण्याच्या टँकरचं पाणी साइटवर वळवलं जात असेल, तर ते थांबवायचंच. तिथे दुसरा विचार नाही.

सेंटरिंग लवकर काढा, दुसऱ्या साइटला पाट्या पाहिजेत, असं सेंटरिंगवाला म्हणतो.

साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यापुढच्या स्लॅबचे १४. बीम सहा मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. पीपीसी असेल तर आणखी थांबा. इथे तडजोड नाही.

क्यूबचे रिपोर्ट ‘मॅनेज’ होतात, सगळ्यांना माहीत आहे. मग घ्यायचे कशाला?

काही ठिकाणी खास क्यूबसाठी, म्हणजे ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांसाठी, वेगळा, भरपूर सिमेंटचा माल कालवतात, हे खरं आहे. त्यावर उपाय साधा आहे: नमुना तुम्ही निवडा, कोणत्या घमेल्यातून किंवा कोणत्या ट्रकमधून घ्यायचा हे आधी सांगू नका, १५० मिलिमीटरच्या साच्यात तुमच्यासमोर भरून घ्या आणि ओल्या क्यूबवर तारीख आणि सही कोरा. २८ दिवसांनी त्याच खुणेचा क्यूब प्रयोगशाळेत जातोय ना, तेवढं पाहा. सगळे नमुने अगदी एकाच आकड्यावर आले तर आनंद मानू नका, शंका घ्या. खऱ्या काँक्रीटचे आकडे थोडे इकडे-तिकडे होतातच.

टक्केवारी सगळेच घेतात. मी एकट्याने ‘नाही’ म्हणून काय होणार?

तुम्ही नाही म्हणालात तर व्यवस्था बदलेल, असं खोटं आश्वासन इथे मिळणार नाही. पण हिशेब नीट मांडा. टक्केवारी वरून खाली जाते तेव्हा ती गुत्तेदाराच्या खिशातून जात नाही. ती सिमेंटच्या पोत्यातून आणि डांबराच्या जाडीतून जाते. घेतलेल्या माणसाला नंतर त्याच गुत्तेदाराचा माल नाकारता येत नाही. पैशापेक्षा हेच नुकसान मोठं.

खासगी अभियंत्यांना आणि गुत्तेदारांना एक गोष्ट माहीत नसते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, त्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. आता लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवलं तरच सुटका. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.

दिवाळीच्या काजू-बदामाचं काय, हेही विचारतात. सरकारी नोकर असाल तर वर्तणूक नियमांतल्या भेटवस्तूंच्या तरतुदी एकदा स्वतः वाचा. खासगीत असाल तर एकच बघा: हा डबा उद्या सगळ्या ऑफिससमोर उघडता येईल का?

निजामकालीन शाळेचं स्ट्रक्चरल ऑडिट करायचंय. नुसतं बघून ‘सुस्थितीत’ लिहून मागतात.

१४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला. त्याआधीच्या तपासणीत तो किरकोळ दुरुस्ती सुचवून वापरायोग्य ठरवला होता. पुढे तपासणी करणाऱ्या अभियंत्याला अटक झाली.

नुसत्या डोळ्यांनी पाहणी केली असेल तर अहवालावर ठळक लिहा की ही केवळ दृश्य पाहणी आहे. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कोअर या चाचण्यांपैकी काय केलं आणि काय नाही, ते लिहा. जिथे पोहोचता आलं नाही ती जागा नमूद करा: ‘पत्र्याखालचे लाकडी वासे पाहता आले नाहीत.’ दगडी भिंत पोटात फुगलेली आहे का, वाशांची टोकं भिंतीत कुजलीत का, चुना सुटलाय का, हे निजामकालीन खोल्यांत आधी पाहायचं. आणि खोली धोकादायक वाटली तर अहवाल टाइप होईपर्यंत थांबू नका. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी चार ओळी लिहून द्या आणि वर्ग व्हरांड्यात किंवा झाडाखाली हलवायला सांगा.

वाळूजला कारखान्यात आहे. प्रॉडक्शन वाढवायला प्रेसचा सेन्सर बायपास करायला सांगतात.

पॉवर प्रेसला दोन हातांनी दाबायची बटणं असतात, ती एवढ्यासाठीच की दोन्ही हात साच्याच्या बाहेर राहावेत. त्यातलं एक तारेने बांधून ठेवलं की दर तासाला नग वाढतात आणि कधीतरी एखाद्या कंत्राटी पोराची बोटं जातात. सुरक्षा साधन निकामी करणं कामगार सुरक्षेच्या कायद्यात बसत नाही. देखभाल विभागात असाल तर बायपास दिसला की मशीन बंद, आणि लॉगबुकात वेळ टाकून नोंद. प्रॉडक्शनवाल्यांशी वाद घालण्यापेक्षा नग का कमी पडतात ते बघा. बहुतेक वेळा फीडिंगची मांडणी किंवा साचा बदलायला लागणारा वेळ हे खरं कारण असतं, आणि ते सुधारता येतं.

चुलतभावाचं घर आहे. ‘घरचंच काम, कागद कशाला?’ म्हणतो.

फी घेऊ नका, कागद करा.

दुसऱ्या अभियंत्याचं डिझाइन चुकीचं वाटतं. मालकाला सांगू का?

आधी त्या अभियंत्याला फोन करा. त्याच्याकडे तुम्हाला माहीत नसलेलं एखादं गणित असू शकतं. समाधान झालं नाही आणि प्रश्न जिवाचा असेल, तर मालकाला लेखी सांगा, फक्त त्या मुद्द्यापुरतं. काम आपल्याकडे ओढण्यासाठी दुसऱ्याचं नाव खराब करणं संहितेला मान्य नाही, आणि आपल्या गावांत ते दोन दिवसांत सगळीकडे पसरतंही.

इमारत उभी राहिल्यावर आपलीच चूक सापडली तर?

१९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या ५९ मजली सिटीकॉर्प इमारतीचे अभियंते विल्यम लमेझुरिये यांच्यावर हीच वेळ आली. जोड वेल्डिंगऐवजी बोल्टचे झाले होते आणि तिरक्या दिशेने येणाऱ्या वाऱ्यात ते कमी पडतील, असं गणित निघालं. त्यांनी स्वतः मालकाला गाठून सांगितलं. रात्री वेल्डिंग करून जोडांवर पोलादी पट्ट्या बसवल्या आणि इमारत आजही उभी आहे.

पण ही गोष्ट सांगताना अर्धी सांगतात. तेव्हा न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांचा संप चालू होता, आणि आसपास राहणाऱ्यांना, त्या इमारतीत काम करणाऱ्यांना हा धोका कळवला गेला नाही. सगळं उघड झालं ते १९९५ मध्ये. चूक कबूल करण्याचं धैर्य दाखवलं म्हणून त्यांचं कौतुक करावं, आणि लोकांना अंधारात ठेवलं म्हणून प्रश्नही विचारावेत. दोन्ही एकाच माणसाबद्दल खरं असू शकतं.

तुमच्या बाबतीत क्रम असा: आधी तिथली माणसं हलवा किंवा टेकू लावा, मग मालकाला सांगा, मग गणित दुसऱ्या अनुभवी अभियंत्याकडून तपासून घ्या. वकिलाला फोन करायचा तर करा, पण टेकू लावून झाल्यावर.

तक्रार केली तर संरक्षण मिळतं का?

सत्येंद्र दुबे हे कानपूर आयआयटीतून शिकलेले राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे अभियंते. झारखंडात सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातला गैरव्यवहार त्यांनी २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला आणि आपलं नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. नाव गुप्त राहिलं नाही. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने ठराव करून केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी गुप्तपणे घेण्याचा अधिकार दिला. पुढे २०१४ मध्ये जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदाही संसदेने केला, पण तो अंमलात आणलाच गेला नाही.

म्हणून कोणालाही ‘बिनधास्त तक्रार कर’ असा सल्ला देत नाही. आधी आपल्याच साखळीत, लेखी. तिथे दाद लागली नाही तर दक्षता पथक किंवा लाचलुचपत विभाग. केंद्र सरकारच्या खात्याचं किंवा उपक्रमाचं काम असेल आणि गुप्ततेची तरतूद वापरायची असेल, तर दक्षता आयोगाची पद्धत आधी वाचा: लिफाफा कसा बंद करायचा, वर काय लिहायचं, नाव-पत्ता कुठे द्यायचा. ते चुकलं तर तक्रार साध्या टपालात जाते. मूळ कागदांच्या प्रती घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. घरच्यांना न सांगता हे करू नका.

नाही म्हटलं आणि नोकरी गेली तर?

जाऊ शकते. विशेषतः लहान गुत्तेदाराकडे पंधरा-वीस हजारांवर काम करणाऱ्या साइट इंजिनिअरची. त्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असतं आणि मागे दोन एकर कोरडवाहू. त्याला ‘तत्त्वासाठी राजीनामा दे’ असं सांगणं फार सोपं आहे, म्हणून इथे सांगत नाही.

सगळ्या गोष्टी सारख्या वजनाच्या नसतात. टाइल्सचा ब्रँड बदलला, रंगाचा एक हात कमी मारला, यावर नोंद करा, मालकाला कळेल असं पाहा आणि पुढे चला. सळई कमी घातली, टेकू लवकर काढले, प्रेसचा सेन्सर बांधला, यात माणूस मरतो. तिथे हातातलं काम थांबवा, सही करू नका, मग जे होईल ते. रोजची साइट डायरी स्वतःच्या हाताने लिहा: तारीख, हवामान, कोण आलं, काय सांगितलं, काय ओतलं. फोटोही त्याच दिवशी काढून ठेवा. दुसरी नोकरी शोधताना ही डायरी बायोडेटापेक्षा जास्त बोलते, आणि चांगली डिझाइन ऑफिसं मुलाखतीत ती मागूनही घेतात.